फेरफार

सेलूत लाइट जाते तेव्हा
लॅपटॉपचा उजेड माझ्या हनुवटीपर्यंतच पोचतो.
काळी खिडकी, एक लुकलुकता दांडा,
आणि मी.
बटणं नाहीत, चित्रं नाहीत.
विचारलं तरच बोलतं, आप्पांसारखं.

मी त्याला आमची भाषा शिकवली.
अक्षरं इंग्रजी, शब्द घरचे.
उरलं म्हटलं की राहिलेली कामं रांगेत उभी राहतात.
सुचलं म्हटलं की पुढचं वाक्य
तारखेसकट एका फायलीत जाऊन पडतं.
एकदा कणकेच्या बोटांनी
'सुचलं ज्वारी' एवढंच टाइप झालं.
काय सुचलं होतं, ज्वारीलाच ठाऊक.
आणि झालं म्हटलं की
काम यादीतून जाताना उत्तर येतं: बरं. पुढं?
हे आप्पांचं. जसंच्या तसं उचललं.

मागचे बदल बघायची आज्ञा मात्र
बरेच दिवस बिननावाची होती,
इंग्रजीतली होती तशीच चालवायचे.
आणि नोंदींत काय, तर
'बदल', 'परत बदल', 'किरकोळ',
'आता तरी', 'आता तरी २'.

आप्पा एकोणतीस वर्षं तलाठी होते.
मानवत, पाथरी, शेवटी इथंच.
परवा चहा घेऊन मागं उभे राहिले,
चष्मा कपाळावर सरकवून:
"काय करायलीस?"
सांगितलं. प्रत्येक बदल राहतो यात,
कुणी केला, कधी, आधी काय होतं, नंतर काय.
"म्हंजे फेरफार," म्हणाले.
मग स्क्रीनवर बोटाचा डाग पाडत,
"आन् ह्याला कारण कुठंय?
'आता तरी' हे काय कारण झालं का?
वारस असंल. खरेदी असंल. वाटणी, बक्षीसपत्र.
कारणाबिगर नाव चढत नसतंय,
आन् उतरत तर नसतंयच."
"मग जुनं नाव खोडायचे का?"
"खोडतंय व्हय कोण! कंस करायचा."
हवेत बोटानं दोन वळणं काढली,
इतक्या हळू, की मधे खरंच कुणी उभं असावं.

त्या रात्री आज्ञेला नाव मिळालं.
आणि सहा ओळी लिहिल्या, दोन चुकल्या:
कारण न देता पुढं निघाले
की अडवायचं, विचारायचं: कारण?
रिकामं सोडलं तर पुन्हा: कारण?
प्रश्नचिन्ह काढून बघितलं,
फौजदारासारखं वाटलं, परत लावलं.

पहिला आठवडा मजेत गेला.
दुसऱ्यात ते नव्या तलाठ्यासारखं वागायला लागलं.

यादीत सातवं: शबनूरला फोन.
जुलैपासून आहे. तारीख पुढं ढकलली
की तोही फेरफार, त्यालाही कारण.
एका रात्री फक्त त्या ओळीचा इतिहास काढला:

काम होतं
रविवार, ती घरी असेल
रविवार, तिच्याकडं पाहुणे असतील
लाइट नाही
रेंज नाही
रेंज होती
तिनं तरी कुठं केला
तिच्या पोराची परीक्षा
तिचं बरोबर होतं

शेवटची नोंद रात्री एक चाळीसची.
केल्याचं आठवत नाही.
नाव माझंच आहे.

खोडता येतं हे. एक जालीम आज्ञा आहे,
मागचं सगळं नव्यानं लिहून काढते,
ओळ जणू कधी नव्हतीच.
ती मला पाठ आहे.
तिला घरचं नाव दिलेलं नाही.

सकाळी आप्पा दाढी करता करता,
"झालं का तुझं दप्तर?"
"एक नोंद प्रलंबित आहे."
"कुणाची हरकत आलीय का?"
"नाही."
"मग कर की मंजूर. पंधरा दिस झाले असतील."

पाच महिने झाले होते.
मी उरलं टाइप केलं.
सातवं तिथंच.
रविवार. रेंजच्या दोन दांड्या,
मधेच तीन.